नकाशातला पावसाळा

४ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा नकाशा पाहिला.

पालिकेच्या नियोजन खात्यात कंत्राटावर कामाला लागल्यापासून मी फक्त अर्ज स्कॅन करतोय आणि त्यांना क्रमांक देतोय. आज दुपारी आमच्या अधिकारी मृणालिनी मॅडमनी हाक मारली आणि म्हणाल्या, "विनीत, साबणाने हात धुऊन ये." वाटलं, एखाद्या अर्जावर चहाचा डाग सापडला. हात धुऊन आलो तर मॅडम आणि कारकून प्रफुल्लने रिकामी टेबलं एकमेकांना जोडून त्यावर वॉर्डाची सगळी शीटं मांडली होती. परळ, लालबाग, शिवडीकडची बाजू, सगळं. खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती.

मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स घेतला होता. बाबा आजारी पडले आणि पहिल्याच वर्षी सुटला. तिथे आम्ही खिडकी काढायचो, जिना काढायचो. एवढी जमीन एका कागदावर मावते हे मला माहीत नव्हतं.

"तुझं घर शोध," मॅडम म्हणाल्या.

वेळ लागला. कॉटन ग्रीनला गोदामांच्या ओळीमागे आमची चाळ सापडली, करंगळीच्या नखाएवढी. त्या नखात त्या वेळी आई दुपारची आडवी झाली असणार, शेजारच्या नळाला पाणी येत असणार. मी बोट वर धरून राहिलो, टेकवलं नाही.

हा कच्चा आराखडा आहे. पुढच्या वीस वर्षांत कुठला रस्ता रुंद होणार, शाळा कुठे, मैदान कुठे, ते यात लिहिलंय. लोक हरकती देणार, सुनावणी होणार, मग तो पक्का होणार. मॅडमनी हे सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "इथे पेन्सिल जरा सरकली की तिथे कुणाची तरी भिंत जाते. म्हणून हात धुवायचे."

दोन्ही गोष्टींचा संबंध मला कळला नाही. पण घरी आल्यावर जेवायच्या आधी मी हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले.

१० नोव्हेंबर

आमच्या खात्यात खुर्च्या भरपूर आहेत. प्रत्येकीवर पांढरा टॉवेल आहे. कोणी बदलून गेलं, कोणी निवृत्त झालं, दोघे निवडणुकीच्या कामावर आहेत. तरी सोमवारी धोब्याचा माणूस येतो आणि सगळ्या खुर्च्यांचे टॉवेल बदलून जातो. मी प्रफुल्लला विचारलं, रिकाम्या खुर्च्यांचे कशाला? तो इथला जुना कारकून आहे.

"धोब्याचं कंत्राट खुर्चीवर आहे, माणसावर नाय," प्रफुल्ल म्हणाला. "तुझं माणसावर आहे. म्हणून तुला टॉवेल नाय."

सही करू शकेल असा माणूस खात्यात एकच आहे, मृणालिनी मॅडम. फोन त्याच घेतात, जागेवर त्याच जातात, मुख्यालयात मीटिंगला त्याच, परत येऊन हरकती वाचायच्या त्याच. हरकत कशीही लिहिलेली असो, त्या पहिल्या ओळीपासून वाचतात. आज एका आजोबांचं पत्र होतं. त्यात गल्लीपेक्षा सुनेबद्दलच जास्त होतं. मॅडमनी तेही पूर्ण वाचलं आणि चौथ्या पानावर नकाशातली गटाराची एक खरी चूक सापडली.

'हरकत' हा शब्द लोक इतक्या तऱ्हांनी लिहितात की आता मलाच शंका यायला लागली आहे. कोशात पाहून खात्री केली.

१८ नोव्हेंबर

आज आमच्या वॉर्डातल्या कोळीवाड्यातून राधाबाई नावाच्या बाई आल्या. हरकत तोंडी सांगायची म्हणाल्या. प्रफुल्ल म्हणाला, लेखी लागते. तेव्हा त्यांनी पिशवीतून सुक्या बोंबलांची जुडी काढून टेबलावर ठेवली.

"ही घ्या लेखी."

"मॅडम, पुरावा जमा करून घेऊ का?" प्रफुल्लने विचारलं. "संध्याकाळपर्यंत टिकेल असं वाटत नाय. मी घरी नेईन."

राधाबाईंचं म्हणणं सरळ होतं. कोळीवाड्यामागे त्यांचं वाळवणाचं मैदान आहे. सगळ्या घरांचे बोंबील तिथे सुकतात. नकाशात त्या जागी वाहनतळ दाखवलाय. "गाड्या उन्हात ठेवून काय सुकवणार हाव तुम्ही?" त्या म्हणाल्या.

मॅडमनी शीट काढलं. तिथे लिहिलं होतं, 'मोकळी जागा, वापर नाही'. सोबत फोटो होता. खरंच मोकळी जागा होती. चिखल, डबकी, एक कुत्रा.

"फोटो कधीचा?" मॅडमनी विचारलं.

"जुलैचा," प्रफुल्ल म्हणाला. "अख्खा सर्वे जुलै-ऑगस्टचा आहे. आपल्याकडे माणसं कुठे होती? रस्तेवाल्यांची पोरं पावसात मोकळी असतात, खोदकाम बंद असतं ना. त्यांनाच धाडलं होतं."

मॅडमनी उठून दुसरं शीट काढलं, मग तिसरं. लालबागच्या एका मैदानावर 'कारखाना, पत्र्याची शेड' असं होतं. तिथे पावसाळ्यात गणपतीच्या मूर्ती घडतात, दसऱ्याला तिथे पोरं क्रिकेट खेळतात. परळला शाळेचं पटांगण 'पाणथळ' होतं.

"विनीत, इकडे ये," त्या म्हणाल्या. "बघ. आपल्या नकाशात बारा महिने पावसाळा आहे."

त्या हसल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ हसल्या नाहीत. मी मात्र नकाशाकडे बघत होतो. एवढा मोठा वॉर्ड, आणि त्यावर कुठेही ऊन नाही. हे त्यांना एका कुत्र्याच्या फोटोवरून दिसलं.

२६ नोव्हेंबर

मॅडमनाही निवडणुकीचं प्रशिक्षण लागलं आहे, दहा वाजल्यापासून. म्हणून आम्ही उजाडता उजाडता कोळीवाड्यात गेलो. टेप मी घेतली होती. ती निघायच्या आधी दोनदा तपासली.

मैदानाच्या तोंडाशी मी नकाशा उघडायला लागलो तर मॅडमनी हात धरला. "आधी नाही. आधी नुसतं उभं राहायचं."

उभे राहिलो. काय सांगू. बांबू रोवलेले, त्यांना दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील, दोन-दोन तोंडात तोंड अडकवून टांगलेले. रांगेमागे रांग, समुद्रापर्यंत. सूर्य त्यांच्या मागून वर येत होता आणि प्रत्येक बोंबलातून उजेड आरपार येत होता. वारा आला की अख्खं मैदान एकदम हलायचं. वास म्हणाल तर होता, पण थोड्या वेळाने तो मला जाणवेनासा झाला.

राधाबाईंनी सांगितलं, प्रत्येक घराची ओळ ठरलेली आहे. कुठे खूण नाही, पाटी नाही, रंग नाही. मेच्या शेवटी बांबू उपटून घरांत ठेवतात, भोकं सोडणाने बुजवतात. सोडण म्हणजे नारळाची काथ्याची साल. नारळी पौर्णिमेनंतर तेच बांबू त्याच भोकांत.

"आणि भोक सापडलं नाही तर?" मी विचारलं.

"आपलं दार कधी सापडत नाय का रं तुला?"

आम्ही ओळ न ओळ मापली. मॅडम एका टोकाला, मी दुसऱ्या. बायका बोंबील उलटवता उलटवता वाट देत होत्या. मी टेप इतकी घट्ट धरली होती की राधाबाई म्हणाल्या, "मॅडम, ह्या पोराने टेप धरलीय का टेपने ह्याला?" सगळ्या हसल्या. मॅडमही.

प्रत्येक बांबूला मॅडमनी नकाशावर एक टिंब दिलं. शेवटी टिंबांच्या ओळी तयार झाल्या आणि मी मान वर करून पाहिलं. कागदावर होतं तेच समोर होतं. आजपर्यंत मी नकाशा म्हणजे चित्र समजत होतो.

पावणेदहाला मॅडम रिक्षा शोधत धावल्या. चपलेला खवले चिकटले होते.

११ डिसेंबर

मॅडम माझ्यावर नाराज आहेत असं वाटतं. हल्ली प्रत्येक गोष्ट मला करून दाखवायला लावतात. हरकत वाचून सारांश मीच लिहायचा, शीट मीच काढायचं, चूक मीच सांगायची. चुकलो की म्हणतात, पुन्हा. त्यांना माझ्या कामाची खात्री नसावी. मधेच फोन आला की बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलतात. आज त्या फोनवर "आईला एकटं किती दिवस ठेवणार" असं म्हणाल्या. कोणाच्या तरी हरकतीचा विषय असेल.

खिडकीतली त्यांची तुळशीची कुंडी दिसली नाही. विचारलं तर म्हणाल्या, इथे ऊन कमी मिळतं.

आईला सगळं सांगत होतो. ती म्हणाली, "आदी जेवून घे. तुझे नकाशे खंय पळान जातले?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ती बाय तुका शिकवता हा, खुळ्या. रागावणारा माणूस येवडा येळ देयत नाय."

मला तसं वाटत नाही.

२० जानेवारी

कोळीवाड्याची सुनावणी झाली. समितीत तिघे होते. राधाबाई आज साडी बदलून, फुलं माळून आल्या होत्या. बोलायला उभ्या राहिल्या आणि एकच म्हणाल्या: "साहेब, आमची जागा रिकामी दिसते तेव्हा आमची होडी पण घरात असते. होडी रिकामी हाय म्हणून कोण घेऊन जात नाय."

समितीतले एक साहेब म्हणाले की सगळं पटतंय, पण आपल्या सूचीत मासळी वाळवण्याला रंगच नाही. निवासी पिवळा, बाग हिरवी, हे कशात बसवायचं?

मॅडम म्हणाल्या, "नवा रंग घालू, सर."

एवढंच. माझ्या मनात आलं, शहराला एक रंग कमी होता हे कोणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पाहणी अहवालासह शिफारस मुख्यालयाकडे जाणार. तिथे मंजूर झालं की वाहनतळ जाणार.

रंग निवडायला मॅडमनी मला सांगितलं. मी उन्हातला बोंबील आठवून बघितला. फिकट, चंदेरीही नाही आणि पिवळाही नाही. तो कॉम्प्युटरवर जमवेपर्यंत दुपार गेली. मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "हा."

१६ फेब्रुवारी

मॅडमची बदली झाली. नाशिकला. प्रफुल्लने सांगितलं की अर्ज त्यांनीच केला होता, दोन वर्षांपूर्वी. त्यांची आई तिथे एकटी आहे. आदेश डिसेंबरातच आला होता. सुनावण्या होईपर्यंत सोडू नका म्हणून त्यांनीच विनंती केली होती.

मी डिसेंबरातलं पान काढून वाचलं. मग वही मिटली.

१८ फेब्रुवारी

निरोप समारंभ म्हणून प्रफुल्लने समोसे मागवले. आम्ही तिघेच होतो आणि समोसे अख्ख्या खात्याचे आले, कारण ते मंजूर पदांवर मागवले होते, असं तो म्हणाला. मॅडम खूप हसल्या.

जाताना मला म्हणाल्या, "नकाशा उघडायच्या आधी काय करायचं?"

"उभं राहायचं."

"आणि?"

"हात धुवायचे."

"मग मी कशाला पाहिजे इथे?" त्या म्हणाल्या आणि गेल्या. मला उत्तर माहीत होतं, सही करायला. पण ते बोलायचं नव्हतं असं वाटलं.

२३ फेब्रुवारी

धोब्याचा माणूस आला. मॅडमच्या खुर्चीवर नवा टॉवेल घातला.

२ एप्रिल

माझं कंत्राट सहा महिन्यांनी वाढलं. आईने नारळ फोडला. मॅडमच्या जागी कोणी आलेलं नाही. शेजारच्या वॉर्डाच्या दिनेश सरांकडे आमचा अतिरिक्त कार्यभार आहे. त्यांच्याकडे आधीच दोन वॉर्ड आहेत. ते गुरुवारी येतात, उभ्या उभ्या सह्या करतात आणि चहा अर्धा टाकून जातात. माणूस वाईट नाही. मला दर वेळी नाव विचारतात.

फोन मी घेतो. लोक गल्ली सांगतात आणि मी शीट काढायच्या आतच मला ती दिसते. याची जरा भीती वाटते.

९ जून

कोळीवाड्याची फाइल मुख्यालयातून परत आली. शेरा असा: 'पाहणी करणारे अधिकारी आता त्या पदावर नाहीत. सबब विद्यमान अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून वापराची खात्री द्यावी. अहवाल शुक्रवारपर्यंत न आल्यास मूळ प्रस्ताव कायम राहील.'

मूळ प्रस्ताव म्हणजे वाहनतळ. विद्यमान अधिकारी म्हणजे दिनेश सर. आणि बाहेर पाऊस.

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मासेमारी बंद आहे. बांबू घरांत गेलेत. सर तिथे जाऊन उभे राहिले तर त्यांना तोच चिखल आणि तोच कुत्रा दिसणार. मागच्या वेळी चूक झाली ती माणसं नव्हती म्हणून. या वेळीही तेच. कोणीच काही वाईट केलेलं नाही.

जेवण गेलं नाही. आईने ताट झाकून ठेवलं.

१० जून

नाशिकला फोन केला. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विनीत, त्या फाइलवर मी आता काही बोलू शकत नाही. माझा अहवाल आत आहे, तो तू दाखव." मग थोडं थांबून विचारलं, "पाऊस जोरात आहे का तिकडे?"

"हो."

"राधाबाईंना सांग, मी विचारलंय. आणि त्यांना विचार, दार सापडतं का म्हणावं."

काय ते मला समजलं नाही. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्या घरी होत्या आणि त्यांचा आवाज बरा वाटत होता.

निरोप जसाच्या तसा राधाबाईंना कळवला. त्या म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

१२ जून

शब्दशः लिहून ठेवतो. नंतर मलाच खरं वाटणार नाही.

आज मुदतीचा शेवटचा दिवस, म्हणून दिनेश सर दुपारी कोळीवाड्यात आले. पाऊस सरळ पडत होता. मैदानाच्या तोंडाशी त्यांनी नकाशासाठी हात पुढे केला. मी म्हणालो, "सर, आधी नुसतं उभं राहू या का?" आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं ऐकू गेला नसेल.

"पावसात?" ते म्हणाले. पण उभे राहिले.

समोर काहीच नव्हतं. चिखल, डबकी. कुत्रासुद्धा होता.

"इथे तर काही नाही रे," सर म्हणाले. रागाने नाही, दमून म्हणाले. "फोटोत आहे तसंच आहे. मी खोटं कसं लिहू? उद्या माझ्यावर येईल. तुझं नाव काय म्हणालास?"

मी मॅडमचा अहवाल दाखवला, नोव्हेंबरातले फोटो दाखवले. सर बघत होते, पण म्हणत होते, "हे तेव्हाचं. मला आजची खात्री द्यायची आहे." ते बरोबर बोलत होते, हेच वाईट होतं.

तेवढ्यात राधाबाई छत्री घेऊन आल्या. "साहेब, काय नाय म्हणता?"

"बाई, जागा रिकामी आहे ना आज."

"हाय ना रिकामी. जरा थांबा." आणि त्यांनी घरांकडे वळून हाक मारली. काय हाक होती ती. भर पावसात, आरपार. "ए अपेक्षा, ए मानसी, या गो समद्या. जिची ओळ तिनं धरा."

दारं उघडली. बायका बाहेर आल्या. कोणी छत्रीत, कोणी डोक्यावर प्लास्टिक घेऊन, एक म्हातारी सुनेचा हात धरून. कोणीही खाली पाहिलं नाही, शोधलं नाही, पावलं मोजली नाहीत. आपल्या घरात शिरावं तशा त्या रिकाम्या चिखलात शिरल्या आणि एकेक करून थांबल्या. प्रत्येक ओळीच्या या तोंडाला एक, त्या टोकाला एक. मग सगळं हलायचं थांबलं.

मी प्लास्टिकखाली नकाशा उघडला. मॅडमच्या टिंबांच्या ओळी, आणि समोर बायका. पहिली ओळ जुळली. दुसरी जुळली. जिथे मॅडमनी एक ओळ जरा तिरकी काढली होती, तिथे ती म्हातारी आणि तिची सून तिरक्या उभ्या होत्या. सर माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांची छत्री कधी बाजूला गेली ते त्यांना कळलं नाही.

मला बोंबील दिसले. खरंच दिसले, उन्हातले, आरपार. सरांना काय दिसलं माहीत नाही. ते म्हणाले, "त्यांना अजून थोडं उभं राहायला सांग." आणि स्वतःच्या मोबाइलने फोटो काढले.

"आमी हाव उभ्या," राधाबाई म्हणाल्या. "घाई तुमालाच असते."

सर हसले. नंतर ते पहिल्या ओळीपासून चालत निघाले. वाकून एका ठिकाणी चिखल बाजूला केला, सोडण उपसलं आणि भोकात हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. पुढच्या ओळीतही तसंच केलं. परत आले तेव्हा शर्टाची बाही काळी झाली होती.

"टेबल आहे का कुठे?" त्यांनी विचारलं. नव्हतं. "विनीत, वाक जरा."

नाव त्यांना आठवलं होतं.

मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. राधाबाईंनी आमच्यावर छत्री धरली. सरांनी फाइल माझ्या पाठीवर ठेवली आणि लिहायला लागले. लिहिताना हळू आवाजात वाचत होते. "पावसाळ्यात जागा मोकळी दिसते. वापर कायम आहे. ओळी जागेवर पडताळल्या." प्रत्येक अक्षर मला पाठीवर कळत होतं. मग पेन थांबलं, आणि मोठी, वळणदार सही आली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत आल्यासारखी वाटली.

मी खाली बघत होतो. माझ्या दोन पायांच्या मधे चिखलातून नारळाचं सोडण डोकावत होतं. मी कुणाच्या तरी ओळीवर उभा होतो. पाऊल हळूच बाजूला घेतलं. पाठ हलू दिली नाही.